एम-थ्रीचे ओझे आणि न थांबणारा संगणक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत ‘अभियांत्रिकीला एवढे गणित कशाला?’ हे एका पालकांचे पत्र वाचले. चिरंजीव संगणक शाखेला आहेत, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) पुन्हा राहिला आहे, आणि ज्या मामेभावाला हिंजवडीत उत्तम पॅकेज मिळाले त्याला नोकरीत एकदाही लाप्लास (त्या पेपरातला एक धडा) लागला नाही, असा एकूण युक्तिवाद. त्यावर कळस म्हणजे, आता कोडसुद्धा एआय लिहिते, तेव्हा गणित ऐच्छिक करून टाकावे ही सूचना. रँग्लर परांजप्यांच्या शहरात हे छापून येते आणि कोणी उलट टपाली उत्तरही देत नाही, याचे वाईट वाटले म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल. कापायचे असेल तर आकडे कापू नयेत, बाकी काय वाटेल ते कापावे.

मी याच पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना एम-वन ते एम-थ्री शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे पालकांचा निम्मा मुद्दा मला मान्यच आहे, तो आधी मान्य करून मोकळी होते. एम-थ्री ज्या रीतीने ‘काढला’ जातो त्याला गणित म्हणणे हा गणिताचा अपमान आहे. अप्पा बळवंत चौकातून सोडवलेले प्रश्नसंच आणायचे, जुने पेपर पुढ्यात घ्यायचे, एखादे युनिट ऑप्शनला टाकायचे, सूत्रांचा तक्ता घोकायचा आणि कसेबसे चाळिसाला टेकायचे. असला एम-थ्री उद्या बंद झाला तर कोणाचे काही बिघडणार नाही, माझेही नाही. पण म्हणून गणितच नको म्हणायचे, हे काही पटले नाही.

पालकांनी विचारले आहे की ‘इंडस्ट्रीत’ गणित कुठे अडते ते एक तरी उदाहरण दाखवा. दाखवते.

१५ मार्च २०२२ रोजी ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरची तातडीची दुरुस्ती जाहीर झाली. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि जगभर वापरले जाते. बँकांच्या वेबसाइट, ऑफिसांची व्हीपीएन, फायरवॉल, ईमेलचे सर्व्हर अशा असंख्य ठिकाणी ते आत बसलेले असते, वापरणाऱ्याला नावही माहीत नसते. त्याची अनेक कामे आहेत, त्यातले एक डिजिटल प्रमाणपत्र तपासण्याचे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटातील टॅव्हिस ऑर्मंडी यांना असे आढळले की विशिष्ट प्रकारे बनवलेले एक प्रमाणपत्र या सॉफ्टवेअरपुढे ठेवले, तर ते तपासायला घेते आणि पुन्हा वर मान काढत नाही. ‘खोटे आहे’ म्हणत नाही, ‘खरे आहे’ म्हणत नाही, बंदही पडत नाही. नुसते हिशोब करत राहते. प्रोसेसर शंभर टक्के कामात, काम शून्य. सीव्हीई-२०२२-०७७८ या क्रमांकाने या दोषाची नोंद आहे आणि ओपनएसएसएलने स्वतःच त्याची तीव्रता ‘हाय’ ठरवली होती.

आता यात गणित कुठे आले? सगळे गणितच आहे. पण त्याआधी प्रमाणपत्राविषयी थोडे सांगावे लागेल.

डिजिटल सातबारा आपल्यापैकी अनेकांनी उतरवून घेतला असेल. पीडीएफ उघडली की सहीच्या जागी कधी हिरवी खूण दिसते, कधी पिवळे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह आले की आमच्या सोसायटीत ‘उतारा बोगस आहे’ अशी आवई उठते. तसे नसते. सहीबरोबर एक प्रमाणपत्र येते. त्यात सही करणाऱ्याचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली (म्हणजे त्याची सही पडताळायला लागणारे, कोणालाही देता येणारे आकडे), मुदत, आणि ते देणाऱ्या संस्थेची सही असते. त्या संस्थेला वरच्या कोणाची तरी मान्यता असते. आपल्याकडे या उतरंडीच्या शेंड्याला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने नेमलेले नियंत्रक आहेत. तुमच्या संगणकाला ही साखळी शेवटपर्यंत जुळवता आली तर हिरवी खूण, नाही आली तर प्रश्नचिन्ह. वेबसाइटच्या पत्त्याशेजारच्या कुलुपामागेही हीच पद्धत असते, आणि टेंडर भरताना किंवा रिटर्न भरताना सीए मंडळी जे डोंगल खोचतात त्यातही हेच असते.

खरे घोडे पेंड खाते ते तपासण्याच्या क्रमात. सही खरी की खोटी हे ठरवायचे, तर आधी प्रमाणपत्र उघडून वाचावे लागते. म्हणजे समोरचा माणूस कोण हे ठरण्याच्या आधीच त्याने दिलेले आकडे घेऊन तुम्ही आकडेमोड सुरू केलेली असते. हा दोष नेमका त्या टप्प्यावर होता. प्रमाणपत्रावर कोणाचीही मान्य सही असण्याची गरजच नव्हती, कारण सहीपर्यंत प्रकरण पोचतच नव्हते.

ही आकडेमोड कसली? हल्ली बऱ्याच किल्ल्या लंबवर्तुळी वक्रावर (नाव तसे असले तरी हे लंबवर्तुळ नव्हे, एका ठरावीक समीकरणाचा वक्र) आधारलेल्या असतात. किल्ली म्हणजे त्या वक्रावरचा एक बिंदू, त्याचे क्ष आणि य. वक्राचे समीकरण ठाऊक असल्यावर दोन्ही लिहून पाठवायची गरज नसते. क्ष पाठवला की समीकरणातून य चा वर्ग मिळतो, त्याचे वर्गमूळ काढले की य मिळाला. जागा वाचते. नेहमीच्या पी-२५६ वक्रात ३२ बाइट वाचतात, म्हणजे या वाक्याएवढीही नाही.

हे वर्गमूळ मात्र आपले शाळेतले नव्हे. इथे एक मोठी मूळ संख्या ठरलेली असते, आणि प्रत्येक उत्तराला तिने भागून उरलेली बाकी तेवढी ठेवायची असते. मोठी संख्या नको, १७ घेऊ. २ चे वर्गमूळ किती? आपण दशांश चिन्ह शोधत बसू. पण १७ च्या राज्यात उत्तर ६ आहे, कारण सहा साही छत्तीस, त्यातून चौतीस गेले, बाकी २. दुसरे उत्तर ११, कारण १२१ मधून ११९ गेले की पुन्हा २. दोन उत्तरांची बेरीज १७, ही विषम. तेव्हा त्यातले एक सम आणि एक विषम असणारच. म्हणून प्रमाणपत्रात क्ष च्या आधी एक बाइट लिहितात, ०२ म्हणजे सम घ्या, ०३ म्हणजे विषम घ्या. किती सुबक आहे पाहा. माझ्या वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचे दोघे मोबाइल खाली ठेवत असत.

हे वर्गमूळ काढण्याची जी रीत ओपनएसएसएलमध्ये वापरली आहे ती अल्बर्टो टोनेली या इटालियन गणितज्ञाने १८९१ मध्ये दिली, आणि डॅनियल शँक्स यांनी १९७० च्या दशकात ती नव्याने मांडली. सगळी रीत इथे सांगत नाही. तिच्या पोटात एक पायरी अशी आहे: एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, भागून उरलेल्या बाकीचा वर्ग करा, पुन्हा वर्ग करा, १ येईपर्यंत करत राहा. किती वेळा करावे लागले ते मोजा.

१७ साठी करून पाहू. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, १७ ने भागले की बाकी १. थांबलो. ३ घेतले तर ९, मग १३, मग १६, मग १. थांबलो. ४ पासून १६ पर्यंत काहीही घ्या, चार वेळा वर्ग करायच्या आत किंवा चौथ्यांदा १ येणारच. हा योगायोग नव्हे. फर्माने १६४० मध्ये लिहून ठेवले आहे की संख्या मूळ असेल तर तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा, तिच्याहून एकाने कमी इतका घात केला की बाकी १ येते. १७ वजा १ म्हणजे १६, आणि १६ म्हणजे चार वेळा दुप्पट. म्हणून चार.

आता ३३ घ्या. ३३ वजा १ म्हणजे ३२, पाच वेळा दुप्पट. तेव्हा पाचाच्या आत १ यायला हवा. २ चा वर्ग ४. मग १६. मग २५६ मधून २३१ गेले, २५. मग ६२५ मधून ५९४ गेले, ३१. मग ९६१ मधून ९५७ गेले, ४. अरेच्चा, पुन्हा ४. म्हणजे पुढे पुन्हा १६, पुन्हा २५, पुन्हा ३१, पुन्हा ४. कयामतपर्यंत बसलात तरी १ येणार नाही. फर्मा चुकला का? नाही. ३३ म्हणजे तीन गुणिले अकरा, ही मूळ संख्याच नव्हे. प्रमेयाचा पक्ष असा होता की ‘संख्या मूळ असेल तर’. आपण तो वाचलाच नाही आणि साध्याची वाट पाहत बसलो.

ओपनएसएसएलमध्ये हेच झाले. मूळ संख्या म्हणून संयुक्त संख्या दिली आणि प्रोग्राम १ येण्याची वाट पाहत बसला.

यावर हुशार वाचक विचारतील की वर्ग किती वेळा करायचा याची मर्यादा प्रोग्राममध्ये नव्हती का? होती. हा सगळ्यात गमतीचा भाग आहे आणि तो मला एका जुन्या विद्यार्थिनीमुळे पाहायला मिळाला. ती एका बँकेच्या संगणक विभागात आहे. त्या मार्चमध्ये तिचा फोन आला, “मॅडम, टोनेली-शँक्स आपल्याला होतं का हो?” म्हटलं, नव्हतं. रविवारी ती कोथरूडला घरी आली, दोन पाने छापून घेऊन. एका पानावर जुन्या ओळी, दुसऱ्यावर दुरुस्त केलेल्या. मला सी भाषा जेमतेम वाचता येते, पण तेवढी पुरली.

जुन्या ओळींत मोजणारा आकडा १ पासून सुरू होतो. दर वर्गाला एकाने वाढतो. वाढल्यावर प्रश्न विचारला जातो की ‘आकडा मर्यादेइतका झाला का?’ झाला असेल तर काम सोडून द्यायचे. ठीक वाटते ना? पण या रीतीत दर फेरीला मर्यादा लहान होत जाते. संख्या मूळ असेल तर मर्यादा १ वर येईपर्यंत काम संपलेलेच असते. संयुक्त असेल तर मर्यादा १ झाली तरी काम शिल्लक राहू शकते. आणि मोजणारा आकडा तर १ पासून सुरू होऊन, प्रश्न विचारला जाण्याच्या आधीच २ झालेला असतो. २ बरोबर १ का? नाही. ३ बरोबर १ का? नाही. मुलाला ‘स्वारगेट आलं की उतर’ असे बजावून पीएमटीत बसवावे आणि बसवावे ते नेमके स्वारगेट गेल्यावर, तसला प्रकार. दुरुस्तीत ‘बरोबर आहे का’ च्या जागी ‘मर्यादेपेक्षा लहान आहे तोवरच’ असे झाले. बरोबरच्या दोन आडव्या रेघांऐवजी लहानचे चिन्ह. मी दोन्ही पाने शेजारी ठेवून बराच वेळ पाहत होते. पेपर तपासताना असल्या चुकीला मी एक गुण कापत असे, आणि मुले ‘मॅडम, उत्तर तर बरोबर आहे’ म्हणून भांडायला येत.

दुरुस्ती करणाऱ्यांनी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला घेतले नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तपासता आले असते. २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले की कोणतीही संख्या मूळ आहे का हे वाजवी वेळात आणि शंभर टक्के खात्रीने ठरवता येते, आणि रोजच्या कामाला त्याहून झटपट कसोट्या आहेत. पण दर वर्गमुळाला ती तपासणी करायची म्हणजे खर्च वाढतो. तेव्हा दुसरा मार्ग घेतला. पक्ष मोडला तरी निदान थांबा, आणि ‘उत्तर नाही’ असे सांगा. दोन्ही मार्ग चोख आहेत. पण पक्ष काय आहे हे ज्याला आठवते त्यालाच हे दोन मार्ग दिसतात.

‘लायब्ररी (म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेले प्रोग्राम) तयार असते, कॉल करायची की झाले’ असे त्या मामेभावाचे म्हणणे पत्रात आहे. त्यांना विचारा की जी लायब्ररी कॉल करता, तिला मूळ संख्या कोण पुरवते? या प्रकरणात ती प्रमाणपत्र पाठवणारा स्वतःच पुरवू शकत होता. पी-२५६ सारख्या ठरलेल्या वक्राचे नुसते नाव लिहायचे, की वक्राचा सगळा तपशील, मूळ संख्येसकट, प्रमाणपत्रातच भरायचा, असे दोन पर्याय त्या साच्यात आहेत. २००९ च्या आरएफसी ५४८० या मानकात स्पष्ट लिहिले आहे की इंटरनेटच्या प्रमाणपत्रांत दुसरा पर्याय वापरू नये. मानकात लिहिले म्हणून सॉफ्टवेअरने दार बंद केले, असे मात्र झाले नाही. याच दारातून जानेवारी २०२० मध्ये विंडोजही आपटली होती. तिथे वक्राचा आरंभबिंदू पाठवणाऱ्याला आपल्या मनाने देता येत होता, आणि विंडोज तो ताडून न पाहता प्रमाणपत्र खरे धरत होती. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने ते मायक्रोसॉफ्टला कळवले. तिथे परिणाम वेगळा होता, खोटी सही खरी ठरत होती. पण दार तेच, आणि ‘दिलेली संख्या योग्यच असणार’ हे गृहीत धरणेही तेच.

आणखी एक. पी-२५६ ची मूळ संख्या ४ ने भागली की बाकी ३ उरते. अशा संख्येला वर्गमूळ एका घातात निघते, टोनेलींना बोलवावेच लागत नाही. म्हणजे रोजच्या वापरात ज्या ओळींवरून फारसे कोणी जात नव्हते, त्या ओळींत हा दोष दबा धरून होता. ‘इतकी वर्षे चालतंय की’ हा युक्तिवाद इथे कवडीमोलाचा ठरतो.

माझ्या विद्यार्थिनीची खरी डोकेदुखी मात्र गणिताची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ओपनएसएसएल नेमके कोणकोणत्या यंत्रांत बसले आहे हे शोधणे ही होती. स्वतःच्या सर्व्हरवर १.१.१एन किंवा ३.०.२ ही दुरुस्त आवृत्ती चढवणे सोपे होते. पण विकत घेतलेल्या पेट्यांच्या पोटात काय आहे हे विक्रेत्यालाच विचारावे लागते, आणि एका विक्रेत्याचे उत्तर आले की ‘आमचे उत्पादन सुरक्षित आहे, कृपया निश्चिंत असावे’. आवृत्ती कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. जुन्या १.०.२ ची दुरुस्ती तर फक्त पैसे भरून सपोर्ट घेणाऱ्यांनाच मिळत होती. “साहेब विचारतात, डेटा चोरीला जाणार आहे का? नाही म्हटलं की म्हणतात, मग घाई कसली?” असे ती म्हणाली.

ही घाई कशाला, हेही थोडक्यात. एका प्रमाणपत्रात एक प्रोसेसर अडकतो. जिथे आत शिरतानाच ग्राहकाकडून प्रमाणपत्र मागतात, तिथे तशी चार-आठ पाठवली की सर्व्हर बसला, तेही पासवर्ड न चोरता. टेंडरची वेळ दुपारी तीनला संपते आणि अडीचला पोर्टल अडकते, तेव्हा ठेकेदाराचे काहीच चोरीला गेलेले नसते. फक्त टेंडर गेलेले असते. आपल्याकडच्या सूचनेत मात्र ‘तांत्रिक अडचणीमुळे’ एवढेच छापून येते. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सहा तासांच्या आत कळवायच्या घटनांच्या यादीत सेवा बंद पाडणारे हल्लेही आहेत. म्हणजे सरकार त्याला घटना मानते. आपण ‘सर्व्हर डाउन’ म्हणून चहाला जातो.

बरोबर वर्षभराने, मार्च २०२३ मध्ये, याच सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्र तपासणीत आणखी एक दोष निघाला. प्रमाणपत्राला जोडलेल्या धोरणांची साखळी तपासताना काम घातांकी वेगाने फुगू शकत होते. ती तपासणी मुळात बंदच ठेवलेली असते, त्यामुळे फार आरडाओरडा झाला नाही आणि तीव्रताही कमी ठरवली गेली. पण मला तो पहिल्याहून शिकवण्याजोगा वाटतो. पहिल्यात प्रोग्राम थांबत नव्हता. दुसऱ्यात थांबतो, पण केव्हा? दर पायरीला काम दुप्पट होत असेल तर तिसाव्या पायरीला ते शंभर कोटींच्या पुढे जाते. हे ज्याला कागदावर दोन ओळींत काढता येत नाही, त्याला तो प्रोग्राम सावकाश चालतो एवढेच दिसते, आणि तो जास्त रॅम मागवतो.

एआयचे म्हणाल, तर माझा त्याला विरोध नाही. भाचीला सांगून मीही एआयकडून दोन-चार प्रोग्राम लिहून घेतले, छान लिहिते. पण मी भाचीला विचारायला लावले की ‘हे थांबेल कशावरून?’ तेव्हा त्याने सुरेख मराठीत थाप मारली. ती थाप आहे हे मला कळले, कारण त्यातला पक्ष गळलेला होता. कोड लिहिणारा माणूस असो की यंत्र, ‘कशावरून?’ विचारणारे कोणीतरी खोलीत लागतेच.

आता एक आक्षेप येईल, तो मीच घेते. मूळ संख्यांचे हे अंकगणित एम-थ्रीत नाही. खरे आहे. मी शिकवत होते त्या एम-थ्रीत लाप्लास होते, फूरिये होते, संमिश्र चले होती. मग टोनेलींचे निमित्त करून लाप्लासचे ओझे कसे समर्थनीय ठरते? ठरत नाही, ओझे म्हणून तर नाहीच. पण कोशीचे प्रमेयही त्याच एम-थ्रीत होते. फलन बंद वक्राच्या आत सगळीकडे वैश्लेषिक असेल (म्हणजे कुठेही फुटत नसेल) तर त्या वक्रावरचे संकलन शून्य. परीक्षेत २ त्रिज्येचे वर्तुळ देतात आणि फलन देतात एक भागिले झेड वजा एक. हे फलन झेड बरोबर १ ला फुटते, आणि तो बिंदू वर्तुळाच्या आतच आहे. उत्तर दोन पाय आय (2πi), शून्य नव्हे. वर्गातली निम्मी मुले ‘कोशीच्या प्रमेयानुसार शून्य’ लिहून, खाली दुहेरी रेघ ओढून मोकळी होतात. ती दुहेरी रेघ पाहिली की माझे डोके उठत असे. कारण हीच मुले उद्या कुठल्या तरी लायब्ररीत ‘संख्या मूळ आहे’ असे धरून चालणार आणि वर दुहेरी रेघ ओढणार.

म्हणून माझी मागणी पालकांच्या उलट आहे. अभ्यासक्रम हवा तर निम्मा करा, सूत्रांचा तक्ता परीक्षेत छापून द्या, घोकंपट्टीचे सगळे गुण काढून टाका. पण प्रत्येक पेपरात एक प्रश्न सक्तीचा ठेवा: प्रमेय दिले आहे, पक्षातली एक अट काढली आहे, साध्य मोडते असे एक उदाहरण द्या. चार गुण, ऑप्शन नाही. आणि संगणक शाखेच्या मुलांना ट्युटोरियलला त्या दोन पानांची झेरॉक्स द्या, जुन्या ओळी आणि नव्या ओळी, ‘फरक शोधा आणि जुना प्रोग्राम कोणत्या संख्येला अडकेल ते सांगा’. ज्या महाविद्यालयाला हवी असेल त्याला मी पाने पाठवते. मानधन नको, वर्गात फळा आणि खडू असला म्हणजे झाले. प्रोजेक्टरवर वर्गमूळ निघत नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित-शिक्षिका
कोथरूड, पुणे ३८

(नाव छापू नये. एम-थ्री राहिलेल्यांचे फोन येतात.)

ता. क. : पत्रातले सगळे घात मी मुद्दाम अक्षरांत लिहिले आहेत. मागे एकदा आपल्याकडे माझ्या पत्रातला दोनाचा पाचवा घात ‘पंचवीस’ म्हणून छापला गेला होता, आणि चूक माझी आहे असे कळवणारी पत्रे आपण पुढच्या आठवड्यात छापली होती.